जलरंगातलं निसर्गचित्र 'मोकळं' कसं करायचं? (मेणवलीच्या पायऱ्या सुटत नाहीत)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज धागा काढायचं धाडस करतेय.

वय ४८, राहणार सातारा. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या, दोन्हीत ए ग्रेड होती. मग नोकरी, संसार, आणि पंचवीस वर्षं ब्रश हातात धरला नाही. तीन वर्षांपूर्वी पुन्हा जलरंग सुरू केले. जमेल त्या रविवारी पहाटे निघून वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जाऊन बसते. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागचा काळ्या दगडाचा घाट, देवळं, कृष्णेचं पाणी. याहून सुंदर जागा मला तरी माहीत नाही.

अडचण अशी की माझं चित्र बघून लोक म्हणतात, "अगदी फोटो काढल्यासारखं!" ते कौतुकानं म्हणतात, आणि मला घरी येऊन रडू येतं. मला फोटो नकोय. मी पायरी न् पायरी काढते, चिऱ्यांमधली फट न् फट काढते, आणि सकाळ मात्र कागदावर येतच नाही.

मागच्या वर्षी पुण्यात एका प्रदर्शनात एक जलरंग पाहिला. लांबून नदी, धुकं, पहाटेचा गारवा सगळं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर पाचसहा डाग आणि कोरा कागद. तिथून हलावंसं वाटेना. तेव्हापासून हेच शिकायचंय. एका कार्यशाळेलाही जाऊन आले. तिथे सांगितलं, "हात मोकळा सोडा." सोडला. चिखल झाला.

तर ही इम्प्रेशनिस्ट पद्धत शिकता येते का, की ती स्वभावातच असावी लागते? ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानजाई

अगदी माझाच प्रश्न. वाचतेय.

गोदाघाट

ताई, शिकता येते. मी तीसेक वर्षं नाशिकला रामकुंडाच्या आसपास चित्रं काढतोय, त्यातली पहिली दहा तुमच्यासारखीच गेली.

"हात मोकळा सोडा" हा सल्ला अर्धवट आहे. मोकळा सोडायचा असतो तो डोळा. घाटासमोर बसलात की आधी ब्रश उचलू नका. डोळे किलकिले करा, पापण्यांच्या फटीतून बघा. पायऱ्या दिसेनाशा होतील आणि एक मोठा गडद आकार उरेल. त्याला लागून पाण्याचा मधला करडा आकार, वर आकाशाचा उजळ आकार. झालं, तीन आकार. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं फक्त हे तीन भरा: उजळ, मध्यम, गडद. दोन मिनिटं लागतात. या चिमुकल्या चित्रात जागा ओळखू येत असेल तरच रंग काढायचे. येत नसेल तर हजार पायऱ्या काढूनही येणार नाही.

आता पायऱ्या. सगळ्या पायऱ्या मिळून एकच वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर घाला, मोठ्या ब्रशनं, वरून खाली. तो पूर्ण वाळल्यावर जिथे नजर थांबावी असं वाटतं तिथे तीनचार पायऱ्यांच्या कडा काढा. बाकीच्या बघणारा स्वतः काढतो. माणसाच्या डोळ्याला ते काम आवडतं, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.

रेखामास्तर

गोदाघाट यांच्याशी बराचसा सहमत, पण एक इशारा द्यायलाच हवा. मी ३४ वर्षं चित्रकला शिक्षक होतो. आजकाल जो तो आधी 'लूज' व्हायला बघतो. पायरी काढता येत नाही म्हणून ती गाळणं वेगळं, आणि काढता येते म्हणून गाळणं वेगळं. कागदावर दोन्ही लगेच कळतं. कृष्णाकाठ ताईंचं रेखाटन पक्कं आहे हे त्यांचं भांडवल आहे. ते टाकून देऊ नये.

बाकी ग्रेड परीक्षेबद्दल: तिथे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय. संकल्पचित्रात पोस्टर कलर सपाट, कडेपासून कडेपर्यंत, रेषेच्या बाहेर न जाता भरायची शिस्त लागते. ती सवय हातात मुरते. जलरंगाचं काम नेमकं उलट. ताईंना जड जातंय ते त्यामुळेही असेल.

रानजाई

मास्तर, रेषेच्या बाहेर रंग गेला म्हणून मी चौथीत पट्टी खाल्लीय. आता पैसे भरून तेच शिकतेय!

गडद_निळा

जरा मुळाशी जाऊ या. इम्प्रेशनिझम ही मुळात तैलरंगाची चळवळ आहे. १८७४ मध्ये पॅरिसला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात मोने या फ्रेंच चित्रकाराचं १८७२ सालचं सूर्योदयाचं चित्र होतं. त्याच्या नावातला 'इम्प्रेशन' हा शब्द उचलून एका समीक्षकानं टिंगल केली आणि पुढे तेच नाव चिकटलं. त्यांचं तंत्र म्हणजे शुद्ध रंगांचे छोटे जाड फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिश्रण डोळ्यावर सोडायचं. हे जमलं कारण धातूच्या ट्यूबमधला तैलरंग १८४१ पासून मिळू लागला होता आणि तो उन्हात, शेतात नेता येत होता.

जलरंग पारदर्शक. त्याचा उजेड खालच्या कागदातून येतो. फटकाऱ्यावर फटकारा चढवला की उजेड मरतो. तेव्हा ताईंना जे हवंय त्याला 'मोकळी जलरंग शैली' म्हणावं, इम्प्रेशनिझम नव्हे. शब्द नेमका असला की शोधही नेमका होतो.

टेम्सकाठी

@गडद_निळा, इतिहास बरोबर, निष्कर्ष मान्य नाही.

मोने १८७०-७१ मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे लंडनला येऊन राहिला होता, तेव्हा त्यानं इथे टर्नर या इंग्रज चित्रकाराची चित्रं पाहिली. टर्नर वारला १८५१ ला, म्हणजे पॅरिसच्या त्या प्रदर्शनाच्या तेवीस वर्षं आधी. त्याचे उत्तरायुष्यातले जलरंग बघा. स्वित्झर्लंडमधल्या रिगी डोंगराची १८४२ ची चित्रं: पहाट, निळा डोंगर, पाणी, आणि जवळजवळ काहीच 'काढलेलं' नाही. इथल्या टेट ब्रिटन संग्रहालयात त्याची कागदावरची हजारो कामं आहेत, मी अधूनमधून सुट्टीच्या दिवशी जाऊन बसते. एखाद्या पानावर दोनच वॉश असतात आणि त्यात वादळ असतं.

शिवाय खुद्द त्या मंडळींत बर्थ मोरिसो जलरंग वापरायची. सेझाँ या फ्रेंच चित्रकारानं सेंट व्हिक्तोआर डोंगर शेवटच्या वर्षांत जलरंगात पुन्हा पुन्हा केला, निम्मा कागद कोरा ठेवून. सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचे व्हेनिसचे जलरंग तर उन्हानं डोळे दिपवतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमनं १९०९ मध्ये त्याचे ८३ जलरंग एकदम विकत घेतले होते.

तंत्र वेगळं, पण ध्यास एकच: वस्तू काढायची नाही, तिच्यावरचा त्या क्षणाचा उजेड काढायचा.

गडद_निळा

शेवटचं वाक्य मान्य. सार्जंटबद्दल एक भर: तो मेणाचा प्रतिरोध (मेण लावलेल्या जागी रंग बसत नाही, ती युक्ती) आणि अपारदर्शक पांढरा रंगही बिनधास्त वापरायचा. तेव्हा 'पांढरा रंग वापरला की पाप' असं मानणाऱ्या आपल्याकडच्या शुद्धतावाद्यांनी तेही लक्षात घ्यावं.

रंकाळ्यावरून

लंडन-पॅरिस झालं असेल तर कोल्हापूरला या. आबालाल रहिमान! मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून माणूस कोल्हापूरला परत आला आणि आयुष्यभर इथल्याच तळ्याकाठी, झाडाखाली बसून उजेड रंगवत राहिला. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता. १९३१ ला गेले. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी रंगवलाय. ज्यानं तो मठ संध्याकाळी पाण्यातून वर आलेला पाहिलाय त्याला कळेल की त्या वेळी दगड दगडाच्या रंगाचा राहतच नाही.

१९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली शेकडो चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी आजोबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी तलावाच्या काठावर उभं राहून पाण्यात चित्रं दिसतात का बघत होतो.

टेम्सकाठी

@रंकाळ्यावरून, ही गोष्ट मला माहीत नव्हती. अंगावर काटा आला.

रेखामास्तर

आबालालांचं नाव निघालं म्हणून सावंतवाडीचे सा. ल. हळदणकरही आठवले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं 'ग्लो ऑफ होप' सगळ्यांनी पाहिलेलं असतं, हातात दिवा धरलेली बाई. लोक ते राजा रवि वर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं, आणि तेही जलरंगात! समोर त्यांची मुलगी उभी होती. ते इम्प्रेशनिस्ट नाही, अगदी वास्तववादी आहे. पण बोटांच्या कडेला जो उजेड झिरपलाय तो पाहिला की जलरंगात काय होऊ शकतं ते कळतं. ताईंनी दोन्ही टोकं बघावीत.

वैनगंगेकर

सगळं खरं हो, पण उन्हाळ्यात भंडाऱ्याला या आणि ओल्यात ओला रंग टाकून दाखवा! मे महिन्यात ब्रश कागदाला लागेस्तोवर वॉश वाळलेला असतो. मी पहाटे साडेपाचला बसतो आणि कागदाची मागची बाजूपण पाण्यानं भिजवून घेतो, खाली ओला टॉवेल ठेवतो. तेव्हा कुठे दहाएक मिनिटं मिळतात.

मालवणचा_पाऊस

आमच्याकडे उलट. जुलैमध्ये सकाळी घातलेला वॉश दुपारच्या जेवणापर्यंत ओला. चुलीशेजारी कागद धरून वाळवतो. एकदा आईनं त्याच चुलीवर सुकट भाजली, ते चित्र अजून पावसात वास सोडतं.

रानजाई

ते चित्र खऱ्या अर्थानं कोकणचं निसर्गचित्र!

गोदाघाट

वैनगंगेकर आणि मालवणचा_पाऊस यांच्या बोलण्यातच ताईंच्या चिखलाचं उत्तर दडलंय, म्हणून पुन्हा मुद्द्यावर येतो. जलरंग म्हणजे रंगाचं काम कमी, पाण्याचं जास्त.

कागद ओला केला की तिरक्या उजेडात त्याची चकाकी बघायची. आरशासारखी चमकत असेल तर रंग वाटेल तसा धावतो, तेव्हा आकाश करावं. चकाकी उतरून कागद रेशमासारखा दिसू लागला की रंग पसरतो पण आकार धरतो. लांबचे डोंगर, धुक्यातली झाडं, पाण्यातलं प्रतिबिंब याच वेळी. त्यानंतरची वेळ फसवी. चकाकी गेलेली असते, हाताला गार लागतं, आणि आपल्याला वाटतं अजून थोडं सुधारू. त्या क्षणी पाणीदार ब्रश टेकवला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. तिथे हात मागे घ्यायचा आणि चहा प्यायचा. पूर्ण वाळल्यावर मग ठाम कडांचं काम.

आणि एक नियम मला फार उशिरा कळला. ओल्या कागदावर रंग टाकताना ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी पाहिजे. म्हणजे दुसरा थर पहिल्यापेक्षा दाट. जास्त पाणी कमी पाण्याला ढकलतं, एवढंच शास्त्र आहे. हे समजल्यावर माझी निम्मी चित्रं वाचली.

चिखलाचं दुसरं कारण म्हणजे अर्धवट ओल्या थरावर पुन्हा पुन्हा ब्रश घासणं. एकदा ठेवलेला रंग तसाच राहू द्या. तो वाळल्यावर फिका होणार हे धरून सुरुवातीलाच थोडा जास्त गडद ठेवा.

कृष्णाकाठ

बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी! गोदाघाट दादा, चकाकीचं वाचून आत्ताच बेसिनशी उभी राहून एक कागद भिजवला आणि नुसता बघत बसले. तीन वर्षांत एकदाही असा पाहिला नव्हता.

एक शंका. मेणवलीचा दगड काळा आहे. मी काळा रंग वापरते आणि तिथे चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. काय करू?

टेम्सकाठी

काळी ट्यूब एक महिना कपाटात ठेवा. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून बघा. निळा जास्त झाला की गार करडा, तांबूस जास्त झाला की उबदार करडा, आणि दोन्ही दाट घेतले की जवळजवळ काळा, पण जिवंत. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यातून दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. पॅलेटमध्ये पूर्ण घोटू नका, निम्मं मिश्रण कागदावर होऊ द्या.

आणि पायरीची वरची बाजू नीट बघा. ती आकाशाकडे तोंड करून असते. उन्हात ती जवळजवळ कोऱ्या कागदाएवढी उजळ असेल, सावलीत निळसर. गडद असते ती पायरीची उभी बाजू. 'दगड काळा' हे आपल्याला माहीत असतं म्हणून आपण काळा लावतो. डोळ्याला तो काळा दिसत नसतो.

गडद_निळा

बरोबर. त्या पॅरिसवाल्यांनी सावलीतून काळा हद्दपार केला तो यासाठीच. शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्रीच्या (भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांच्या) कारखान्यात रंगाई विभाग बघत असे. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो हे त्यानं १८३९ मध्ये पुस्तकात मांडलं. पिवळ्या उन्हाशेजारची करडी सावली जांभळट दिसते, ती त्यामुळेही. घाटावर सकाळच्या उन्हात हे नक्की तपासा.

बेलपान

मी नवीन आहे. कागद कोणता घ्यावा? चांगला कागद इतका महाग आहे की ब्रश टेकवायला भीती वाटते.

रेखामास्तर

बेलपान, रंग विद्यार्थ्यांचा चालेल, कागद नाही. शंभर टक्के कापसाचा, ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्यावा. लाकडाच्या लगद्याचा कागद पाणी वरच्या वर शोषतो आणि ताईंचा ओला खेळ त्यावर जमत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही वापरून बघा, त्याचा पोत मला आवडतो. मोठा ताव घेऊन आठ तुकडे करावेत. भीती तुकड्यानं कमी होते. आणि दोन्ही बाजू वापराव्यात.

वैनगंगेकर

अवांतर: बाहेर बसलं की गर्दी जमते त्याचं काय करता? मला एका पोरानं विचारलं, "काका, झाड कुठं हाय?" मी म्हटलं, हे काय. तो म्हणे, "हे तर हिरवं पाणी हाय." मग बराच वेळ गप उभा राहिला आणि म्हणाला, "हां, आता दिसलं. लांबून."

गोदाघाट

त्या पोराला चित्रकलेला घाला!

रंकाळ्यावरून

कृष्णाकाठ ताई, एक सुचवू? मोनेनं गवताच्या गंजींची १८९०-९१ मध्ये पंचवीस चित्रं केली आणि मग रूआँच्या चर्चची तीसच्या वर. विषय तोच, उजेड वेगळा. तुम्ही तर त्याच घाटावर जाताच. एकच कोपरा धरा आणि तोच करत राहा. दहाव्या चित्राला पायऱ्या पाठ होतात, मग त्या काढायची गरज वाटत नाही, आणि मन उजेडाकडे वळतं. मी रंकाळ्यावर असंच केलं. आधीचे सगळे उपदेश वाचून जे कळलं नव्हतं ते या रतीबानं कळलं.

रेखामास्तर

याला माझं पूर्ण अनुमोदन.

रानजाई

वाचनखूण साठवली. ताई, काय झालं ते नक्की येऊन लिहा.

कृष्णाकाठ

चार महिन्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.

रंकाळ्यावरून यांनी सांगितलं तसा एकच कोपरा धरला: घाटाच्या शेवटच्या पायऱ्या, एका देवळाची कड आणि पाणी. आजवर २३ चित्रं झाली. पावसात नदी घाटावर चढली तेव्हा निम्म्या पायऱ्या पाण्याखाली, ते दोन रविवार वाड्याच्या भिंतीआडून केले.

पहिली सहा फुकट. चकाकी ओळखता येईना, फुलकोबीचं शेतच पिकलं. सातव्यात पहिल्यांदा प्रतिबिंब रेशमी कागदावर टाकलं आणि ते खाली ओघळत स्वतःच पाणी झालं. हात मागे घेऊन बसले. कळेचना की हे मी केलं की कुणी दुसऱ्यानं.

बाराव्याच्या आसपास पुन्हा अडले. सगळं मऊ मऊ, धुरकट झालं. रेखामास्तरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून चित्र दाखवलं. ते म्हणाले, "सगळ्याच कडा हरवल्यात, एक तरी सापडली पाहिजे." मग देवळाची एकच कड कोरड्या कागदावर धारदार ठेवली आणि बाकीचं विरघळू दिलं. तेवढ्यानं चित्र उभं राहिलं.

मागच्या रविवारी तिरकं ऊन पाण्यावरून परतून पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर थरथरत होतं. काळा दगड, त्यात तांबूस आणि निळं हलतंय. वीस मिनिटांत चित्र झालं. कपडे धुवायला आलेल्या एक आजी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज लवकर आलीस वाटतं, ऊन अजून पाण्यातच हाय." त्या घाटाकडे नाही, कागदाकडे बघून बोलत होत्या.

रेखामास्तर

शाबास, बाळा. किती पायऱ्या काढल्यास?

कृष्णाकाठ

चार, सर. त्यातली एक पुसली.

मालवणचा_पाऊस

चित्र टाका की इथे! वाट बघतोय.

कृष्णाकाठ

फोटोत रंग नीट येत नाहीत, तरी रात्री टाकते. त्यापेक्षा ज्यांना जमेल त्यांनी येत्या रविवारी साडेसहाला मेणवलीला या. पाण्याच्या दोन बाटल्या आणा, एक प्यायला, एक रंगाला. पोहे मी आणते.

गोदाघाट

नाशकाहून रात्रीच निघतो. बेलपान, तूही ये, कागद मी देईन.